मधाचं बोट

कीथलीतल्या या घरांच्या भिंती
गिरणीवाल्यांनी कामगारांसाठी बांधलेल्या,
बाहेरून काळा दगड,
मधली मात्र पातळ, जणू बांधताना पैसे संपले.
मिसेस हेपवर्थची किटली आम्हाला ऐकू येते
आणि आमचा खोकला त्यांना.

शलाकाला ढास लागते ती पावणेतीनला.
रिकाम्या डब्यात खडा टाकून
कुणी हलवत राहावं तशी.
मी उठतो, तिला बसती करतो, पाठीशी दोन उशा.
औषधाची बाटली संपलीय, आणि फार्मसीतला मुलगा
बिल करता करताच म्हणाला होता,
‘याचा फार उपयोग होईल असं नाही.
सहा वर्षांची आहे ना? मध द्या. वाट पाहा.’

वाट पाहण्याचं आम्हाला कुणी शिकवायला नको.
जूनपासून तेच चाललंय.

त्या रात्री भिंतीवर तीन ठोके पडले.
मेल्याहून मेल्यासारखं झालं.
पोरीच्या तोंडावर हात ठेवावा
असं क्षणभर वाटलं. वाटलं खरं.

पहाटे ड्यूटीला निघालो,
ब्रॅडफर्डची पहिली बस माझी,
तर पायरीवर एक बरणी.
लेबल जुनंच, व्हिनेगरमधल्या कांद्यांचं,
त्याच्यावर पेन्सिलीनं आडवं:
हेदर. सप्टेंबर. झोपताना एक चमचा.
आणि खाली, बारीक अक्षरात:
ठोकलं ते रागानं नाही. मीही जागीच असते.

माळावरच्या जांभळ्या झुडपांचा मध.
इतका दाट, की बरणी उलटी केली
तर आधी विचार करतो.
किंचित कडसर. आणि मागून, अगदी मागून, कांदा.
‘बाबा, हा लोणच्याचा मध आहे,’
शलाकानं निकाल दिला, आणि बोट पुन्हा मागितलं.
चमच्यानं ती घेत नाही.

वृषाली मूर्तिजापूरहून फोनवर सांगते,
आल्याचा रस घाल, मिरपूड चिमूटभर,
आणि गरम करू नकोस हं मध.
तिच्यामागे खाटेवर तिचे वडील खोकतात.
तो खोकला मधाच्या पलीकडचा.
आम्ही दोघंही तो ऐकतो
आणि आल्याबद्दल बोलत राहतो.
‘पुढच्या महिन्यात निघेन,’ ती म्हणते.
मागच्या महिन्यातही पुढचाच महिना होता.

मी तेच वाक्य पुढे देतो,
शाळेच्या फाटकाशी, आंघोळीच्या वेळी, दिवा मालवताना:
आई ईस्टरला येणार.
ईस्टर कधी असतो हे मी अजून
कॅलेंडरात पाहिलेलं नाही.

आपल्या भाषेत याला शब्द आहे.
आयुष्यभर वापरला,
बढतीचं सांगणाऱ्या साहेबाबद्दल,
मतं मागायला आलेल्यांबद्दल,
आणि कधी वाटलं नाही
की त्यातलं बोट एक दिवस माझं असेल,
खरंखुरं, नख कापलेलं,
पावणेतीन वाजता एका तोंडात.

ती डोळे मिटून चोखते.
पुढचा एक दात पडलाय, त्या खिंडीत बोट बसतं.
‘आई ईस्टरला नक्की?’
बोटाभोवतूनच विचारते.
नक्की, मी म्हणतो.
तेव्हा ती चावते.
जोरात नाही. पण चावते.

मग हळूहळू ढास उतरते.
मधानं, की रात्र संपत आल्यानं, कुणास ठाऊक.
खिडकीला दव, रस्त्यावर कुणी नाही,
आणि भिंतीपलीकडे
एक कोरडा, म्हातारा खोकला सुरू होतो.
थांबतो. पुन्हा सुरू होतो.

मी बरणी उजेडात धरून पाहतो.
दोन बोटं उरलाय.
शलाका, मला वाटलं झोपली,
उशीवरून हात लांबवते
आणि भिंतीवर ठोकते.
एक. दोन.
तिसऱ्याआधी तिचा हात गळून पडतो.

तिसरा मी देतो.